भुकटी भरणारे अप्पा

मी आता राहतो तिथून समुद्र दिसतो, आणि इथली भाषा मला अजून धड येत नाही. गावाकडं जायचं म्हटलं तर दोन गाड्या बदलून मुदखेडला उतरायचं आणि तिथून भोकरची गाडी धरायची. रॉकेटसाठी लागणारा पातळ ऑक्सिजन ज्या टाक्यांत ठेवतात, त्या टाक्यांची देखभाल हे माझं काम. रोज सकाळी ऊन वर यायच्या आधी मी प्रत्येक टाकीभोवती एक फेरी मारतो आणि तिच्या अंगावर उलटा हात ठेवत जातो, जसं तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. पडद्यावर सगळे आकडे दिसतात, हात ठेवायची काही गरज नाही. तरी मी ठेवतो. ही सवय लातूरच्या विश्वनाथअप्पांची. आज माझ्या पोटात अन्न जातं ते त्यांच्यामुळं, आणि श्वास आत जातो तोही त्यांच्यामुळंच. हे लिहिताना मी वाढवून सांगत नाही. पुढं कळेल.

नववीत शाळा सुटली. मग मिळेल ते काम केलं, लग्न झालं, आणि मग एका नातेवाइकाच्या ओळखीनं लातूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडात लागलो. तिथं या टाक्या बनायच्या. पहिल्याच दिवशी एक उंच, वाळका माणूस समोर आला. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, शर्टाच्या आत गळ्यातलं इष्टलिंग, आणि भुवया, पापण्या, कानावरचे केस सगळे पांढरे. मला वाटलं म्हातारा आहे. त्यांनी तोंडावरून रुमाल फिरवला तेव्हा निम्मं म्हातारपण पुसलं गेलं. ती भुकटी होती.

"कुठला तू?"

"भोकरचा. नांदेड जिल्हा."

"मग नांदेड म्हणतो तुला. नवं नाव लवकर ध्यानात राहत न्हाई माझ्या. हात दे."

त्यांनी माझा हात धरला आणि उन्हात उभ्या असलेल्या एका टाकीला उलटा लावला. पत्रा तापलेला होता. मग पाच पावलं बाजूला नेऊन दुसऱ्या टाकीला लावला. तीही उन्हातच होती, पण एका जागी, ताटाएवढ्या गोल जागेत, पत्रा गारढोण आणि ओला. भर उन्हात त्या टाकीला तेवढ्याच जागी घाम फुटला होता.

"ही आजारी हाय," अप्पा म्हणाले. "मधी काहीतरी सरकलंय."

ही टाकी म्हणजे थर्मासची मोठी बहीण. आत स्टीलचा हंडा, बाहेर लोखंडाचं कवच, आणि दोघांच्या मधे हातभर जागा. हंड्यात जे ठेवायचं ते इतकं थंड असतं की बाहेरची जराशी ऊब पोचली तरी उकळू लागतं, वाफ होतं आणि दाब चढतो. म्हणून त्या मधल्या जागेत एक पांढरी भुकटी भरतात. ज्वालामुखीचा दगड भट्टीत फुलवून करतात ती, आमच्याकडं ज्वारीच्या लाह्या फुलवतात तशीच, फक्त पिठासारखी बारीक. वजनाला काहीच नाही. पोतं उचललं तर रिकामं वाटतं. ती भरली की मधली हवा पंपानं ओढून घेतात, आणि मग बाहेरचं ऊन बाहेर, आतली थंडी आत. सगळी मदार त्या मधल्या भुकटीवर. आणि भुकटी भरायचं काम अप्पांचं.

हे काम त्यांनी का धरलं ते समजायला किल्लारी समजायला पाहिजे. अप्पा किल्लारीचे. भूकंप झाला तेव्हा तरणेबांड होते. गणपती बुडवून गाव झोपलं होतं, ते झोपलेलंच गेलं. त्या भागातली जुनी घरं दगडाची, भिंती एवढ्या रुंद की वर माणूस आडवा झोपावा. पण अप्पा सांगायचे, ती एक भिंत नव्हतीच. बाहेरून एक दगडी पदर, आतून एक दगडी पदर, आणि मधे भरलेली माती, कपच्या, खडी. जमीन हलली तशी मधली माती खाली बसली, पाचरीसारखी रुतली, आणि तिनं दोन्ही पदर दोन बाजूंना ढकलून दिले.

"भिंत जाड हाय म्हणून आमी निवांत झोपलो होतो," ते म्हणायचे. "मधी काय भरलंय हे कुणी इचारलंच न्हाई."

तेव्हापासून ते सगळ्याच गोष्टींना हे विचारत. लॉजच्या गादीवर बसायच्या आधी दाबून बघत, मधी काय भरलंय. पुरणपोळी हातात घेतली तरी तेच. गफारभाई, म्हणजे आमचा क्रेन चालवणारा, त्याच्या मेहुणीला बघायला पाहुणे आले होते. त्यानं मोबाइलवर नवऱ्या मुलाचा फोटो दाखवला. अप्पांनी चष्मा वर केला. "दिसायला बरा हाय. मधी काय भरलंय?"

"अप्पा, वो आदमी है, टाकी नै," गफारभाई म्हणाला.

"मग तर इचारायलाच पायजे."

हसायचो आम्ही. पण ते हसत नसत. भुकटीची एक वाईट खोड ते ओळखून होते. टाकी ट्रकवर चढली, रस्त्यानं हादरली, की भुकटी खाली बसते आणि वरच्या घुमटाखाली पोकळी राहते. त्याहून वाईट म्हणजे आतला हंडा थंडीनं आकसतो तेव्हा भुकटी त्या फटीत उतरते, आणि हंडा पुन्हा गरम होऊन फुगला की त्याला जागाच उरत नाही. लाहीसारखी हलकी वस्तू, पण स्टीलच्या हंड्याला दाबून धरते. हे त्यांना कदम मॅडमनी शिकवलं होतं. मॅडम आमच्या इंजिनिअर. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं तेव्हा अप्पांनी त्या चित्रावरून बोट फिरवलं म्हणे, आणि मग म्हणाले, "मॅडम, हे तर आमचं घर हाय."

त्यांच्या टेबलावर भुकटी भरलेली एक काचेची बरणी असायची. कामावर आले की आधी ती दोनदा टेबलावर आपटायची आणि पातळी बघायची. महिनोन्महिने तीच बरणी, आणि तरी दर वेळी केसभर खाली. "अजून खालीच बसत चाललीय," ते पुटपुटत. मला त्या बरणीची भीती वाटायला लागली होती. वाटायचं, एक दिवस ती तळाला जाईल.

मी मुळात घाबरट. घरापासून लांब, त्यात काम असलं. रोज दोनदा बायकोला फोन करायचो आणि दर वेळी तेच विचारायचो, सगळं ठीक आहे ना. अप्पांनी हे पाहिलं, पण टोमणा मारला नाही. दुपारी डब्यातली ज्वारीची भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढं सरकवायचे, वर शेंगाची चटणी, आणि म्हणायचे, "खा. भेकाड माणूस या कामाला बरा. जो भेत न्हाई त्याला मी भेतो."

ज्याला ते भीत, तो त्यांचा पुतण्या बसू. बसवराज. माझ्याच वयाचा, खांद्यानं रुंद, पोतं एका हातात घेऊन शिडी चढणारा. अप्पांच्या थोरल्या भावाचा हा मुलगा. भाऊ पुढं आजारपणात गेले. वहिनी, गिरिजाबाई, भूकंपाच्या वेळी नव्या नवरी होत्या. तुळईखाली अडकल्या होत्या. अप्पांनी त्यांना हातांनी माती उकरून काढलं होतं, आणि त्यांच्यानंतर गल्लीतल्या आणखी कितीतरी जणांना, ओळखीच्या आणि बिनओळखीच्या. अजून भिंती पडत होत्या तरी आत घुसत होते. किल्लारीत कुणालाही विचारा. बसू हे अभिमानानं सांगायचा. अप्पा स्वतः कधीच नाही.

आता नायट्रोजनचं सांगतो, कारण सगळं त्याच्यापाशी येतं. भुकटीला ओल चालत नाही. म्हणून ती भरताना मधल्या जागेत कोरडा नायट्रोजन सोडत राहतात. त्याला वास नाही, रंग नाही. घसा धरत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. माणूस दोन श्वास घेतो आणि पडतो, आपण पडतोय हे त्याला कळतसुद्धा नाही. आणि अशा ठिकाणी मरणाऱ्यांत वाचवायला गेलेलेच जास्त असतात, हे मॅडम प्रत्येक बैठकीत सांगायच्या. एक पडतो, दुसरा त्याला ओढायला वाकतो, तिसरा दुसऱ्याला.

अप्पांनी हे आपल्या पद्धतीनं घेतलं होतं. जुन्या काळी ज्वारी साठवायचं जमिनीखालचं पेव उघडलं की माणूस उतरायच्या आधी त्यात पेटता कंदील सोडायचे. विझला तर कुणी उतरायचं नाही. त्यावरून ते नव्या माणसाला दिवा दाखवत. आधी शेडातच दाखवायचे. मॅडमनी कडक शब्दांत बंद केलं, ऑक्सिजनच्या आवारात ज्योत म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला पाहिजे का, म्हणाल्या. अप्पांनी कान पकडले. "चुकलंच माझं." मग फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडं एक रिकामं पिंप ठेवलं. त्यात नायट्रोजन भरून घ्यायचे आणि तारेला बांधलेली पणती आत सोडायचे.

मी पाहिली ती. ज्योत फडफडली नाही, लहान झाली नाही. काठाखाली गेली आणि नव्हती.

"बघितलं?" अप्पा म्हणाले. "आता आईची शपथ घे. दोरी बांधल्याबिगर टाकीच्या भोकापाशी जाणार न्हाई. आन् कुणी आत पडला तर त्याच्या मागं जाणार न्हाई."

मी घेतली. बसू पिंपावर टेकून शेंगा खात उभा होता.

"काका, मी पडलो तर?"

अप्पा तार गुंडाळत होते. गुंडाळून झाली, तशी त्यांनी ती उलगडून परत गुंडाळायला घेतली.

"सांगा की. मी पडलो तर?"

"तरी न्हाई."

"बघू," बसू हसला. मला डोळा मारून म्हणाला, "नांदेड, सगळ्यात आधी हेच उडी मारतेत का न्हाई बघ. किल्लारीचं रगत हाय."

शेडात सगळ्यांना तसंच वाटायचं. ही शपथ बाकीच्यांसाठी, हा माणूस स्वतः ती पाळणार नाही. मला वाटतं, अप्पांनाही तीच धास्ती होती. कामावरून निघताना ते प्रत्येकाला नावानं हाक मारून ओ घेत, आणि बसूची ओ आल्याशिवाय फाटक ओलांडत नसत. किल्लारीच्या नव्या घरातसुद्धा छताखाली झोपत नव्हते, अंगणात पत्र्याच्या आडोशाला झोपायचे. एकदा मी विचारलं, अजून भीती वाटते का? म्हणाले, "भीती न्हाई. त्या दिवशी मी आत गेलो आन् बाहेर आलो. परत गेलो, परत आलो. दर बारी येणं झालं. असं सारखं होत नसतंय, नांदेड. ते ध्यानात राहावं म्हणून."

ज्या टाकीपाशी सगळं घडलं ती पहिल्याच प्रवासातून परत आली होती, कारण वरच्या बाजूला पत्र्याला घाम दिसला होता. भुकटी बसली होती, घुमटाखाली भरून घ्यायची होती. दुपारची वेळ. वरच्या, माणूस उतरेल एवढ्या भोकाचं झाकण उघडलेलं, नायट्रोजन हळू सोडलेला. टाकीच्या माथ्यावर पत्र्याचा फलाट, त्यावर अप्पा एका बाजूला आणि बसू झाकणापाशी. मी शिडीवर, खांद्यावर पोतं.

भुकटी नळीनं आत जायची आणि भोकाखालीच ढीग व्हायचा. तो ढीग लांब दांड्यानं कडेला ढकलायचा, असं ठरलेलं. बसूला दांडा अपुरा पडत होता. आणि त्यानं तेच केलं जे आमच्यातल्या कुणाही शेतकरी घरच्या माणसानं केलं असतं. कणगीत ज्वारी भरताना कोपरे भरायचे असले की आपण काय करतो? पोटावर पालथे होतो, डोकं आणि हात आत घालतो, आणि दाणे कडेला लोटतो. लहानपणापासून करत आलेलो. बसूची दोरी कडीला बांधलेली होती, पण तेवढी लांब पुरेना, म्हणून त्यानं ती सोडली आणि पालथा झाला.

अप्पा ओरडले, "बसू, डोकं काढ."

तो आतून काहीतरी बोलला. आवाज घुमला. मग त्याची पाठ सैल पडली. मी पाहत होतो, मला समजलंच नाही. ओलं कापड दोरीवरून घसरावं तसा तो आत घसरला. आतल्या हंड्याच्या उतारावरून खाली, हाताला लागणार नाही एवढा लांब. भोकातून थोडी भुकटी वर उडाली आणि परत बसली.

मी पोतं टाकलं. कसा चढलो आठवत नाही. शपथ, पणती, मॅडम, काही डोक्यात नव्हतं. एवढंच होतं की आत वाकलो तर त्याचा पाय मिळेल. भोकापासून हातभरावर माझ्या कमरेचा पट्टा मागून ओढला गेला आणि मी फलाटावर आपटलो. अप्पांनी माझ्या छातीवर गुडघा रोवला.

आणि मग मी त्यांना पाहिलं. माझ्यावर गुडघा तसाच ठेवून ते भोकाकडं वळले. विहिरीत बुडी मारणारा माणूस भरून घेतो तसा त्यांनी छाती भरून श्वास घेतला. गळ्याच्या शिरा वर आल्या. दोन्ही हात भोकाच्या काठावर. माझ्या छातीवरचं वजन हलकं होत चाललं होतं. मला वाटलं, गेले.

तो श्वास त्यांनी धरून ठेवला, आणि मग सोडून दिला. माझ्या तोंडावर आला तो. गुडघा परत जड झाला.

"गफार, खालीच थांब. शिडीला हात लावू नको. नायट्रोजन बंद. हवेची नळी वर दे. मास्कवाल्याला बोलवा." एकेकाचं नाव घेऊन, रोज फाटकापाशी घेत तसंच, ते सगळ्यांना जागच्या जागी उभं करत होते. आवाज चढला नाही. हवेची नळी आली ती त्यांनी भोकातून आत सोडली. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधलेला सुरक्षेचा माणूस शेडाच्या दुसऱ्या टोकाकडून आला, वर चढला, दोरी बांधून आत उतरला. तोवर अप्पा माझ्यावरून उठले नाहीत.

बसूला वर काढलं तेव्हा तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होता. छाती दाबली, तोंडावर ऑक्सिजन लावला, सरकारी दवाखान्यात नेलं. तो जगला. पण जो उठला तो बसू वेगळा. चालतो, जेवतो, माणसं ओळखतो कधी कधी. आत्ता घडलेलं आत्ता विसरतो.

मॅडम दवाखान्यात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अप्पा, तुम्ही बरोबर केलंत. नाहीतर आज तीन माणसं असती." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही. त्या तिघांतला दुसरा मी होतो.

गिरिजाबाई बाकावर बसलेल्या होत्या. त्यांनी रडणं थांबवलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "भावजी, मला काढलंत. माझ्या लेकाला न्हाई काढलंत."

 त्यानंतर अप्पा शेडात आले नाहीत.

मला इकडं काम मिळालं तेव्हा निघायच्या आधी किल्लारीला गेलो. जीपनं उतरलो तेव्हा दिवस कलत होता. अंगणात बाजेवर बसू शेंगा सोलत बसला होता, शेजारी अप्पा. विभूतीचे पट्टे होते, पण भुवया काळ्या होत्या. भुकटीवाचून मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. गिरिजाबाईंनी माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. अप्पांकडं न बघता आत गेल्या.

"हा कोण?" बसूनं विचारलं.

"नांदेड. तुझ्यासंगं कामाला होता."

"आच्छा." त्यानं एक शेंग फोडली, दाणे मला दिले. मग म्हणाला, "काका, मला टाकीतून कुणी काढलं?"

"मास्कवाल्या माणसानं."

"तुमी कुठं होते?"

"वर. भोकापाशी."

"आत आले न्हाई?"

"न्हाई आलो."

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. बसूनं जरा विचार केला. "बरं," म्हणाला, आणि पुढची शेंग घेतली. भांडी परत वाजायला लागली.

चहा येईपर्यंत त्यानं हेच आणखी एकदा विचारलं. त्याच शब्दांत. अप्पांनी त्याच शब्दांत सांगितलं. आत भांडी थांबली, परत वाजली.

जीपपर्यंत ते पोचवायला आले. मला राहवलं नाही. म्हटलं, "अप्पा, एकदा हाव म्हणा की. आलो होतो म्हणा. त्याच्या कुठं ध्यानात राहतंय? आन् त्या माउलीलाही जरा बरं वाटंल."

त्यांनी मागं वळून बाजेकडं पाहिलं.

"गल्लीतली दोन पोरं आता त्याच शेडात भुकटी भराय जातेत," ते म्हणाले. "सांजच्याला याच बाजेवर येऊन बसतेत. मी हाव म्हणलो, तर बसू त्यांना सांगंल, काका आले होते आत. त्यांना खरं वाटंल." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "त्यांच्या पट्ट्याला धराय मी न्हाई तिथं."

जीपवाल्यानं हॉर्न दिला. मी त्यांच्या पाया पडलो. वाकलेलो असतानाच अंगणातून बसूची हाक आली, पुन्हा तोच सवाल. अप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तो उचलला, आणि उत्तर द्यायला मागं वळले.